वेळेचा शिक्का

निफाडला पहाटे पारा चारच्या खाली जातो
तेव्हा बोरस्त्यांच्या द्राक्षबागेत
माझी सतरा यंत्रं झोपलेली असतात.
मीच झोपवलीत.
एका बॅटरीवर दोन हंगाम काढायचे
तर पंधरा मिनिटं डोळे मिटून पडायचं,
चार सेकंद उघडायचे,
तेवढ्यात थंडी मोजायची, पुढच्या खांबाला सांगायची,
आणि पुढचा झोपेत असला
तर तो उठेस्तोवर
बातमी पोटाशी धरून बसायचं.

परवा ओढ्याकडच्या कोपऱ्यात
दोन पन्नासला तीन अंश होते.
पंपघरातल्या पेटीला हे समजलं
चार वाजून पाच मिनिटांनी.
तोवर गयाबाईंनी चौथ्या ओळीपर्यंत
पाचट पेटवून धूर केला होता.
घोंगडीबाहेर राहिलेल्या टाचेला कळलं म्हणाल्या.
मग माझ्याकडे बघून, हसू दाबत,
"ताई, उठलं का तुमचं मशीन?"

बोरस्ते रागावले नाहीत.
मणी तडकले नव्हते, गुलाबी पडले नव्हते.
एवढंच म्हणाले, झोप जरा कमी करा त्यांची.
मी म्हटलं, मग ती फेब्रुवारीतच मरतील.
धुरात दोघंही थोडा वेळ गप्प उभे राहिलो.

उशिरा आलेली बातमी खोटी नसते.
तिच्यावर शिक्का असतो,
कुठल्या खांबाची, किती वाजताची.
तासाभराने पोचली तरी
मी तिला तिच्या जागेवर नेऊन बसवू शकते.

दादांच्या बोलण्यावर शिक्का नसतो.
नाशिकरोडच्या छापखान्यात एकोणतीस वर्षं
त्यांनी तिकिटांचे ताव मोजले,
एकही कमी-जास्त नाही.
झटक्यानंतर
सकाळी विचारावं, साखर घालू का?
संध्याकाळी, मालिका चालू असताना, येतं,
"अर्धा चमचा."
डॉक्टर म्हणाले, मेंदू काटकसर करतोय.
मला हे कुणी समजावून सांगायला नको होतं.

रविवारी ते एकदम म्हणाले,
"नको. तिला तिथंच राहू दे."
कुणाला?
मी दिवस उलटा चाळला.
गॅलरीतली तुळस हलवण्याचं विचारलं होतं.
चाळीसगावहून सुमनला बोलावू का, हेही.
आईची साडी कपाटातून काढण्याबद्दल
बहुतेक शुक्रवारी.
मी तिघींनाही हात लावला नाही.

आता शिक्का मीच मारते.
दोनशे पानी वही, डावीकडे प्रश्न, शेजारी वेळ,
उजवा रकाना त्यांचा.
बागेतली झोप मी दहा मिनिटांवर आणलीय,
बॅटऱ्या लवकर बदलू, बोरस्ते तयार आहेत.
घरी असलं काही फिरवायला नाही.

बुधवार, पहाटे पाच दहा.
दादा, थंडी वाजतेय का?
रकाना कोरा.
त्यांची टाच रजईबाहेर होती.
मी झाकली,
उत्तर काय ते येईल.