मालाचं वर्णन

सोहारच्या हॉलमध्ये शुक्रवारी मराठीची वेळ
पावणेचार ते सव्वापाच.
आमच्या आधी तमिळ मंडळी, नंतर फिलिपिनो.
आम्ही बसतो तेव्हा खुर्च्या कोमट असतात.
कुणाच्या तरी प्रार्थनेची ऊब, असं मी पूर्वी म्हणायचो.
आता म्हणतो, एसी नीट चालत नाही.

एरवी मी पाइपांच्या गोदामात स्टोअरकीपर.
पाळकपण शुक्रवारचं,
आणि रात्री-अपरात्री फोन येईल तेव्हाचं.
फोन बहुतेक एकाच कामाचा असतो:
कॅम्पात कुणीतरी गेलं, पाळकसाहेब, या.
मी निळी फाईल घेऊन निघतो.
पासपोर्ट, पोलिसांचा कागद, वकिलातीचा शिक्का,
पेटीचं वजन किलोत.
विमान कंपनीच्या फॉर्मवर एक रकाना आहे,
'मालाचं वर्णन'.
बारा वर्षांत तो मी एकोणतीस वेळा भरला,
सुवाच्य अक्षरात, रेघेबाहेर न जाता.
नेवासा, शेवगाव, जालना, एकदा तर थेट किनवट.

तिसावा फॉर्म घरचा होता.

ओबेदला गाडी मीच शिकवली,
बंदराच्या मागच्या मोकळ्या वाळूत.
आरशात बघ, आरशात बघ, एवढंच ओरडायचो.
उंट आला तो आरशात नव्हता.

सालोमी त्या रात्री ड्यूटीवर.
स्ट्रेचर तिच्याच वॉर्डाच्या दारातून गेलं
आणि तिनं सवयीनं दार धरून ठेवलं,
चेहरा न बघता.
हे ती अजून सांगते, पोळ्या लाटताना, मध्येच,
पहिल्यांदा सांगितल्यासारखं.

'मालाचं वर्णन'पाशी माझं पेन थांबलं.
तिनं फाईल मिटली.
म्हणाली, तो पेटीतून नाही जाणार. इथंच ठेवू,
मस्कतला, डोंगराच्या पायथ्याशी.
मी म्हणालो, आणि आपला व्हिसा संपल्यावर?
ती म्हणाली, संपेल तेव्हा संपेल.
दर दोन वर्षांनी आमचे कागद नवे करावे लागतात.
त्याचे लागत नाहीत.
घरात त्या एकट्यालाच इथं कायमचं राहायला मिळालं.

लोकांनी माझीच वाक्यं मला परत आणून दिली.
देवाची योजना. तो बऱ्या जागी आहे.
शेजाऱ्यांचा डबा परत करावा तशी, धुऊन पुसून,
आणि रिकामा देऊ नये म्हणून आत चिमूटभर साखर.
मी घेतली. फळीवर ठेवली.
अजून उघडली नाहीत.

केरेन जेवणाआधी डोळे मिटेनाशी झाली.
एकदा रागावलो, तर म्हणाली,
पप्पा, तुम्हीच म्हणा, तुमची नोकरी आहे.
वरण निवलं तरी कुणी ताटाला हात लावेना.
शेवटी सालोमीच म्हणाली,
बापा, भात आहे. आमेन.
एवढी छोटी प्रार्थना मला कधी जमली नव्हती.

परवा पुन्हा फोन.
विलास तिगोटे, परांचीवरून पडला,
ओबेदहून तीन वर्षांनी मोठा.
त्याचा भाऊ कॅम्पच्या पायरीवर, एकाच पायात बूट.
पूर्वी मी लगेच शास्त्र उघडायचो.
या वेळी फाईल मांडीखाली सारून शेजारी बसलो.
भावाच्या हातात विलासचा मोबाईल होता,
काच तडकलेली, पण वाजत होता.
पडद्यावर 'आई'.
बंद होई, पुन्हा वाजे.
सकाळपासून असंच चाललंय, तो म्हणाला,
तुम्ही उचलता का, पाळकसाहेब?

उचलला.
इतक्या वर्षांत जे जे पाठ केलं होतं
त्यातलं एकही वाक्य वर येईना.
म्हणालो, आई, मी ओबेदचा बाप बोलतोय.
कोण ओबेद, तिनं विचारलं.
मग सगळंच सांगावं लागलं,
आधी माझं,
मग तिचं.