मधले टप्पे

जावयाने फोनवर सांगितलं, पाचशे चौदा किलोमीटर,
एक तास पंचवीस मिनिटं.
मी विचारलं, टप्पे किती?
तो हसला. आबा, टप्पे नसतात विमानाला. थेट हैदराबाद.

थेट.
एकतीस वर्षं काढली मी जळगाव आगारात,
बिल्ला छातीवर, चामड्याची पिशवी खांद्याला,
आणि पाटीवर 'थेट' लिहिलेली गाडीसुद्धा
नेरीला थांबायची, पहूरला थांबायची,
वाकोदच्या अलीकडे कोणी हात केला
तर पिंजारी ड्रायव्हर माझ्याकडे न बघताच
ब्रेक दाबायचा.

सहा किलोमीटरचा एक टप्पा.
पाचशे चौदा भागिले सहा, पंच्याऐंशी,
वर चार उरतात. म्हणजे शहाऐंशी धरायचे,
अपुऱ्या टप्प्याचं भाडं पूर्ण लागतं.
हा हिशेब रात्री दोन वाजता, अंथरुणात.

कुसुंब्याला विमानतळावर
भरताची वांगी वजनात बसली.
ठेच्याचा डबा मशीनमधून दोनदा गेला.
पासावर माझं नाव उलटं छापलेलं, पाटील हिलाल,
जसं हजेरीपटावर असायचं.
दारातल्या पोरीने पास फाडला
तेव्हा मी तिचा अंगठा बघत होतो.
नवीन होती. कागद वाकडा फाटला.

मग वाघूरचं धरण नखाएवढं झालं,
केळीचे मळे, कापसाची वावरं,
कोणीतरी घडी घालून ठेवल्यासारखी.
घड्याळात सात मिनिटं.
नेरी गेली असेल.
सात मिनिटांत आमची गाडी
स्टँडच्या फाटकातून बाहेर निघत नसे.

आणि टिंग.
एकच.

दोन घंट्या म्हणजे चला.
एक म्हणजे थांबा.
माझा हात वर गेला, दोरी शोधायला.
वर एक दिवा होता आणि गार वाऱ्याचं भोक.
कोणी उठलं नाही, कोणी पिशवी उचलली नाही,
मूल कडेवर घेऊन कोणी दाराकडे सरकलं नाही.
'कोणाला उतरायचंय?' ओठांपर्यंत आलं,
मी अर्धा उठलो,
पट्ट्याने पोटाला धरून खाली बसवलं.

केशर म्हणाली, बसा की आता.

तिचं माहेर वाकोद.
वर्षातून दोनदा माझ्याच गाडीने जायची,
डाव्या अंगाला, तिसऱ्या बाकावर, खिडकीशी.
तिचं तिकीट मी फाडायचो, पैसे माझ्या खिशातून पिशवीत,
सुट्टे नसले तर तिच्याही तिकिटामागे बाकी लिहायचो.
ती बसलेली, मी उभा.
एका गाडीत इतकी वर्षं,
पण तिच्या कोपराला माझं कोपर लागतंय
ते आज, या लोखंडात, ढगांच्या वर.
तिच्या बांगड्या थंड होत्या.

तिने काचेला नाक लावलं.
"कुठी आलो आपन?"

हा प्रश्न मला रोज चाळीस जण विचारायचे.
डोळे मिटून सांगायचो मी,
खड्ड्यावरून, वळणावरून,
पिंजारीने बदललेल्या गिअरवरून.
इथे खड्डा नाही.
नुसता एकसुरी आवाज, आणि खाली पांढरं.

मी म्हटलं, वाकोद.

वाकोद मागे पडून
पाव तास तरी झाला असेल.
ती मात्र वाकून बघत राहिली,
कोणी हात करतंय का.