ओला कापूस

क्लाक्सविकच्या दवाखान्यात माझं काम साधं:
आल्यागेल्याच्या जिभेखाली कापसाची गुंडाळी ठेवायची,
दोन मिनिटं मोजायची,
नळीवर नाव नाही, फक्त आकडा.
दूर कुठेतरी त्या लाळेतून भीती मोजतात.

सकाळी रानवा आली, सात वर्षांची.
बिरिताबाईंच्या बोटाला चावली,
आईला लाथ, दिव्याला शिवी,
आणि दात भरून होताच स्टिकर मागितले. दोन.

मग हानुस. चाळीस वर्षं कॉड धरणारा.
तळव्यात घुसलेला गळ त्याने भर वादळात
पक्कडीने स्वतःच उपसला होता, गावाला ठाऊक आहे.
बूट जुळवून बसला. शब्द नाही.
बाई म्हणाल्या, असे शहाणे पेशंट हवेत.

गुंडाळी काढायला गेले तर दातखीळ.
आणि कापूस कोरडा, ठेवला तसा.

तोंडचं पाणी पळतं म्हणतात.
पळतं ते खरंच; अख्खं शरीर पळायला निघतं,
मांड्या ताठ, काळीज पुढे,
आणि माणूस मात्र
खुर्चीतच बसून राहतो, शहाण्यासारखा.

तीन आठवड्यांनी आकडे आले.
रानवाचा, जणू अंगणात खेळून आलेलं पोर.
हानुसचा मी दोनदा वाचला.

पुढच्या खेपेला मी विचारलं,
बोटीवर जाळ्यात कुणाचा पाय अडकला तर?
त्याने हात वर केला. विंच थांबतो.
कारण विचारतात?
नाही. आधी थांबवतात.
म्हटलं, इथेही तसंच.

ड्रिल लागलं. हात वर. थांबलं.
लागलं. हात वर.
बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
दुखत नव्हतं त्याला, मला दिसत होतं.
आमचा शब्द किती वजन पेलतो
ते तो ताणून बघत होता, नव्या दोरासारखं.
सात वेळा.
आठव्यांदा हात मांडीवरच राहिला, बोटं जराशी उघडी.

गुंडाळी ओली निघाली. फार नाही.

दाराशी टोपी घालता घालता म्हणाला,
शाळेतल्या त्या डॉक्टरकडे
माझे दोन्ही हात धरलेले असायचे.

नळीवर आकडा लिहायचा
माझ्याकडून राहूनच गेला.