वर कळवलं का

उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीसाठी पान बांधतेय,
वडगावच्या खोलीत.
खालचे दोन माग साडेनऊला थांबतात
तेव्हा कुठं माझं डोकं सुरू होतं.

पानात एक पॅरेंट आहे, तिचं नाव पाळी.
तिच्या पोटात बारा ओळी, दर मोल्डरची एक.
ती वरून देते: नाव, साचा, आजचे नग.
ओळीनं घ्यायचं, दाखवायचं.
खोडायचं नाही.

रात्री अकराला चूक सापडली.
सातवी ओळ स्वतःच्याच हातानं आकडा बदलत होती,
एकशे अठ्ठ्याण्णवचे दोनशे बारा,
आणि वरची बेरीज ढिम्म.
ओळीपुरतं खरं,
पाळीला पत्ताच नाही.

बाबा जागे होते.
परशराम धामणेकर, सत्तावीस वर्षं वाळूचे साचे.
मला त्यांच्याकडून उतरलंय ते एवढंच:
नाक, आडनाव, आकड्यांचा संशय.
सोपं करून सांगायला गेले
तर मधेच म्हणाले, "चिठ्ठी की ही."

बिडीच्या पुड्याचा पुठ्ठा, खिशात, घामानं मऊ झालेला.
त्यावर ते दर ओतकामाला एक रेघ मारत.
शनिवारी चिठ्ठीत दोनशे, रजिस्टरात एकशे नव्वद,
कधी उलटंही, तेव्हा गप्प बसत.
मुकादम बसलिंगप्पा माणूस वाईट नव्हता.
रजिस्टर कानडीत, चिठ्ठी मराठीत,
नग दोन्हीकडं लोखंडाचेच.
पण पगार चिठ्ठीवर होत नाही.

मी म्हटलं, आता ओळ आकड्याला हात लावणार नाही.
वर इव्हेंट पाठवेल: बाई, माझे इतके झाले.
पाळी ते मांडेल, आणि नवा आकडा
पुन्हा वरून खाली येईल.

"म्हणजे हाळी मारायची."
"हो."
"मारत होतो की आम्ही बी. वरलं ऐकालंय काय?"

मी हसले, मग पाहिलं.
ओळ हाळी मारत होती, दर क्लिकला, नियमानं,
आणि पाळीत ऐकायची ओळच मी लिहिली नव्हती.
लाल अक्षर नाही, इशारा नाही.
न ऐकणं ही चूक म्हणून
कुठंच नोंदत नाही.

एक ओळ लिहिली. दाबलं.
बेरीज हलली, चौदानं.

बाबांनी चष्मा लावला.
"परत दाब."
परत दाबलं.
"कानडीत बी दिसतंय?"
बटण फिरवलं, आकडे बदलले.
त्यांनी स्क्रीनवर बोट न टेकवता, हवेतच, एकेक अंक गाठला
आणि वाचलं, "इन्नूर हन्नेरडु,"
भट्टीच्या आवाजावरून पलीकडं जावं
एवढ्या मोठ्यानं,
रात्री सव्वाबाराला.