रिटच

उदगीरला चौबाऱ्याच्या मागच्या बोळात
माझं फोटोचं दुकान आहे.
एक पांढरा पडदा, एक निळा,
आरशाजवळ दोरीनं बांधलेला कंगवा
(सुटा ठेवला की गिऱ्हाईक नेतं),
आणि लाकडी स्टुलावर
शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत
आमची शंभी.

कागदावर शांभवी बसलिंग हुडे, इयत्ता पहिली.
पुढचे दोन दात पडलेत.
बाकी तोंडात सगळं आहे.

वीस वर्षांच्या धंद्यात मी एकच वाक्य शिकलो :
'वा, छान आलाय.'
त्यावर दुकानाचं भाडं निघतं.

परवा एक पुढारी आले, वाढदिवसाच्या बॅनरसाठी.
म्हणाले, जरा तरणं दिसू द्या.
शंभी स्टुलावरून :
'काका, पोट आत घ्या.
आणखी घ्या.
आणखी.
…बस, एवढंच जातंय का?'
कार्यकर्ते निळ्या पडद्याकडं बघत राहिले,
जणू तिथं काहीतरी लिहिलंय.

नळगीरचा एक पोरगा तिसऱ्यांदा आला, स्थळाला पाठवायचा फोटो काढायला.
गोरा करा म्हणाला. मी करत होतो.
ही मान वाकडी करून एकदा स्क्रीनकडं, एकदा त्याच्याकडं.
'दादा, फोटो नका पाठवू.
तुम्हीच जावा.
तुम्ही बरे दिसताव.'
वैशाखात त्याची पत्रिका आली.
वर नाव : कु. शांभवी व परिवार.
परिवार म्हणजे मी आणि तिची आई.

येळवशीला साडूच्या शेतात
कडब्याच्या कोपीपुढं सगळे डोळे मिटून उभे.
वारा पण जरा थांबलेला.
तेवढ्यात :
'देवाचं झालं का? अंबील ऊन व्हायलीय.'
साडूची आई हसली, मग सगळेच.
पूजा तिथंच आटपली.
खरं तर भूक सगळ्यांनाच लागली होती.

मग शाळेतून बोलावणं.
बाईंना म्हणाली म्हणे,
'आम्हाला डोळे मिटून बसा म्हणता
अन् तुम्ही मोबाईल बघायलाव.'
मी हात जोडले. लेकरू आहे, म्हणालो. सॉरी म्हणालो.
गाडीवर पुढं बसलेली ती
देगलूर रोडच्या वळणापर्यंत गप्प.
(एवढा वेळ गप्प म्हणजे मलाच धडकी.)
'पप्पा, मी खोटं बोलले का?'
'नाही.'
'मग सॉरी काहून म्हणलाव?'
मी गाडी बाजूला घेतली आणि दोन सीताफळं विकत घेतली.
तिनं खाल्ली, बिया मोजल्या,
एक्कावन्न भरल्या,
आणि परत विचारलं.

काल तिच्या ओळखपत्राचा फोटो काढला.
तोंड मीट म्हणालो, तिनं आणखी उघडलं.
रात्री शटर अर्धं ओढून
हात सवयीनं चालू झाला :
कांजण्यांचा कपाळावरचा व्रण पुसला,
केस बसवले,
दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोतले दोन दात उचलून
हिच्या खिंडीत नीट बसवले.
मागं ती कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही.
'ही कोण?'
'तू की.'
बराच वेळ बघितलं तिनं.
'मी नाही.
ही गप बसणारी दिसायलीय.'

मी एकेक पाऊल मागं घेतलं.
दात गेले. केस उडाले.
व्रण आपल्या जागी येऊन बसला.
पुढाऱ्याचं पोट मात्र मी कापलंय,
खोटं कशाला बोलू, भाडं तुंबलंय.

आज दप्तरातून चिठ्ठी आली :
'कृपया तोंड बंद असलेला फोटो पाठवावा.'
पेन सापडेना, तिनंच आणून दिलं.
चिठ्ठीच्या मागं मी लिहिलं :
तसा उपलब्ध नाही.