अर्थिंग

बुधवारी जुन्या बाजारात
अठराशे सांगितले, अकराशेला दिली.
एक खुंटी गायब, तारा गंजलेल्या,
अंगावर दाराचा निळा ऑइलपेंट.

गॅलरीत पेपर अंथरून घासतेय.
ऐंशी नंबरचा पॉलिशपेपर, मग एकशेवीस.
निळ्याखाली काळा. काळ्याखाली
लाल, स्कूटरचा असतो तसा.
त्याच्याही खाली, एकदाचं, लाकूड.

बोहरी आळीतली चपडा लाख
बरणीत स्पिरिट पीत बसलीय.

पाठीचं झाकण उघडलं, तर आत पेन्सिलीनं:
ऑस्बर्ट, खडकी. बाकी रु. ४०.
कोणाकडून कोणाला, ते नाही लिहिलेलं.

शेजारच्या गोगटेबाई कठड्यावरून विचारतात,
"वाजवता येतं होय तुम्हाला?"
नाही.

सव्वीस वर्षं भोसरीत डाख दिले मी
मीटरच्या पाट्यांवर, दिवसाला चारशे.
त्यातला एक मीटर
कधी कुणाच्या भिंतीवर फिरताना पाहिला नाही.

आता डोळ्यांना भिंग लागतं, हाताला नाही.
राळेचा धूर नाकात गेला
आणि पाळी बदलायचा भोंगा आठवला.
सांधा चकाकला, निवला, बसला.

भाच्याचा स्पीकर जोडला.
एकही तार अजून चढवलेली नाही
आणि लाकडातून माणूस बोलायला लागला:
"गुलटेकडी. कांदा, क्विंटलला..."

अर्थिंग राहिलंय. एवढं कळतं मला.
पोळ्या गुंडाळायची चांदी आत चिकटवली,
एक वायर ओढली,
की गप्प होईल.

बटाटा झाला.
लसणापर्यंत थांबते.