इतर

टॅबवर सोनपेठचं शिवार
तीस-तीस मीटरच्या चौकोनांत,
सगळं एकाच रंगाचं: खोल काळी, भेगाळणारी.
गट एकशे बारा. गिरमिट हातभर रुतलेलं.

सोजरबाई बांधावर चपला काढून उभी.
"तिथं कशाला टोचायलाव? इकडं या.
इथं ज्वारी गुडघ्याच्या वर जात नाही,
सासूच्या काळापासून."

दोन बैलगाड्या सुटतील एवढीच जागा.
वर मिठाची साय, खाली चिकट.
जिभेला लावली. थुंकलो.

टॅब विचारतो: किमान क्षेत्रापेक्षा लहान,
शेजारच्या रंगात मिसळू?
नाही.
मग यादी: खारवट, चोपण, चिबड, खडक, इतर.
खारवट.
त्रिकोण उमटला, मुंगीएवढा.

"अन् ती?"
ओढ्याच्या कडेला राखाडी उंचवटा,
खापऱ्या, काचेच्या बांगडीचा तुकडा.
"पांढरी हाय ती. गाव आधी तिथं होतं.
तिथली मेथी लई गोड."

यादीत पांढरी नव्हती.
'इतर' दाबलं. शेऱ्याला वीस अक्षरं.
लिहिलं: गाव होतं. मेथी गोड.

सोजरबाईचं नाव
मावलं नाही.